तीन खेळ आणि एक मूठ

राहीबाई : मी दिसले का न्हाई, येवढंच सांगा गुर्जी. बाकीचं मागनं सांगा.

दत्तोपंत : बाकीचे म्हणजे काय? चौदा रिळांचा चित्रपट मी क्रमाने पाहिला आहे. तो क्रमानेच सांगितला, तर माझ्या शब्दाला काही किंमत राहील. नाहीतर उद्या तूच म्हणशील, गुरुजींनी नगरला जाऊन ऐकीव आणले.

विजया : अहो, शेंडीहून पहिल्या एसटीनं उभ्यानं आलीय ती. आणि तुम्ही रिळं मोजत बसलाय!

दत्तोपंत : मोजावी लागली. कारण पहिल्या खेपेस मला तिचा प्रसंग दिसलाच नाही.

राहीबाई : म्हंजी न्हाईच मी त्यात?

दत्तोपंत : असे मी म्हटले नाही. मला दिसला नाही, म्हणून तो नव्हता, हा निष्कर्ष घाईचा होईल. माझ्यापुढे केडगावचे एक फेटेवाले गृहस्थ बसले होते. नदीकाठचा प्रसंग सुरू झाला, आणि नेमके तेव्हाच ते शेजाऱ्याला नायिकेच्या मागील चित्रपटाची हकिकत सांगण्यासाठी उजवीकडे कलले. मला फेट्याखेरीज काही दिसले नाही.

विजया : म्हणून दुसऱ्यांदा गेले.

दत्तोपंत : दुसऱ्या खेपेस त्याच ठिकाणी वीज गेली. ती आल्यावर यंत्रावरच्या माणसाने तेवढा भाग सोडून पुढचे गाणे लावले, आणि प्रेक्षकांपैकी एकानेही हरकत घेतली नाही. यावरून कथानकाची वीण किती घट्ट आहे, ते कळते.

विजया : आणि म्हणून तिसऱ्यांदा. राही, वीस वर्षं ज्यानं थिएटरची पायरी चढली नाही, तो माणूस एका आठवड्यात तीन खेळ बघून आलाय. आमच्या पुतण्यानं, नृसिंहानं, केडगावहून कार्ड टाकलंय, 'काकांना सिनेमाचा नाद लागला की काय?'

राहीबाई : माज्यापायी झालं गुर्जी. लई तरास दिला म्या.

दत्तोपंत : त्रासाचा प्रश्न नाही, साक्षीचा आहे. साक्ष द्यायची तर आधी प्रश्न नीट मांडला पाहिजे. गेल्या फाल्गुनात मुंबईची कंपनी भंडारदऱ्याला आली. बुडालेल्या नावाड्यांच्या विधवा म्हणून तिने पाच बायका धरणाच्या काठी बसवल्या. त्यांत तू होतीस. तुझे कुंकू पुसले, छगन धडधाकट असताना, आणि तू हे घरी–

राहीबाई : त्यांचं नाव नका घेऊ गुर्जी त्या पुसन्याबरूबर.

विजया : कळत नाही तुम्हांला काही.

दत्तोपंत : बरे. नाव मागे घेतो. पण तू तयार कशी झालीस, हे मला अजून समजलेले नाही.

राहीबाई : मी तयार कुटं झाले? शूटिंग बगायला गेल्ते, शेजारच्या गोजरबाईसंगं. त्यांनी पंधरा-ईस बाया हुब्या केल्या न् म्हनले, रडून दावा. समद्या लागल्या फिदीफिदी हसायला. मला आय आटवली. तर म्हनले, ही पुडं बसंल. पांढरं लुगडं दिलं, नेसले. बांगड्या काडा म्हनले, काडल्या. मग त्यो रंगवनारा वल्लं फडकं घिऊन आला. मला वाटलं, तोंडाची धूळ पुसतोय.

विजया : आणि श्रावणात तुझ्या यजमानांना कावीळ झाली.

राहीबाई : येकवीस दिस अंथरुनात हुते, वैनी. डोळं हळदीगत. सासूबाई देवरुशाला इचारायच्या, कुनाचं काय चुकलं. न् मी चुलीम्होरं बसून मान खाली घालायची. आता बरं हायेत, नांगर धरत्यात. पर पुडल्या म्हयन्यात अकोल्याच्या बाजारात तंबू लागतोय न् आख्खी शेंडी बैलगाड्या जुपून चाललीय. आपलं धरान दिसतंय म्हनं पडद्याव! सासूबाईंनी तर आतापास्नं लुगडं धिऊन ठिवलंय.

दत्तोपंत : येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. चित्रीकरण फाल्गुनात, कावीळ श्रावणात. मध्ये चार महिने गेले, आणि त्या चार महिन्यांत छगन, क्षमा कर, तुझे यजमान, ओढ्याचे पाणी प्याले. ओल्या फडक्याचा यकृताशी संबंध जोडायचा, तर मधला दुवा कोणी तरी दाखवला पाहिजे.

राहीबाई : दुवा तुमी बगा गुर्जी. तुमी शिकल्यालं हाय. मला आपलं सांगा, कपाळ दिसलं का.

विजया : वाचा ना आता ते. राही, यांनी परीक्षण लिहिलंय. नगरच्या एका साप्ताहिकाच्या संपादकांनी यांना थिएटरच्या दारात तिसऱ्यांदा पाहिलं आणि गळ घातली.

दत्तोपंत : गळ घातली हे खरे. मी मान्य केले ते एवढ्यासाठी, की आजकालचे परीक्षण म्हणजे जाहिरातीचा जुळा भाऊ झाला आहे. ऐक. 'डोहाची आण या नव्या चित्रपटात नायिका सात वेळा रडते. सातही वेळा तिचे काजळ जागच्या जागी राहते. नायक नावाडी आहे, असे इतर पात्रे सांगतात. त्याच्या तळहातांवरून तसा संशय येण्याचे कारण नाही.'

विजया : छान आहे. पुढं चला.

दत्तोपंत : 'खलनायकाचे पात्र–'

विजया : नदीकाठावर या हो!

दत्तोपंत : येतो. खलनायक वगळतो, त्याचा हा विजय समजावा. 'डोहात नाव उलटते. काठावर बुडालेल्या नावाड्यांच्या बायका बसल्या आहेत. पाचही पाठमोऱ्या आहेत, पाचही जणींच्या डोक्यांवर पांढरे पदर आहेत.'

राहीबाई : पाठमोऱ्या?

दत्तोपंत : पाचही.

राहीबाई : आवो, आमाला तर मशिनीच्या सामने बसवलं हुतं. ह्या जोत्यापास्नं त्या तुळशीयेवढं अंतर. त्यो मानूस वरडत हुता, मान वर करा, मान वर करा.

दत्तोपंत : घेतले असेल. ठेवलेले नाही. मुंबईत फिल्म कापणारा एक माणूस असतो. काय राहील आणि काय जाईल, ते तो ठरवतो.

राहीबाई : मंग कपाळ?

दत्तोपंत : नाही.

राहीबाई : येकदा बी न्हाई?

दत्तोपंत : एकदाही नाही. नवीन चष्मा डोळ्यांवर आणि घड्याळ हातात, असा मी तिसऱ्या खेळाला बसलो होतो. तुम्हा बायकांचा प्रसंग एकंदर अकरा सेकंदांचा आहे. सात सेकंद पाठी, चार सेकंद एक हात, आणि मग नायिकेचा चेहरा. तो मी मोजला नाही, तो फार चालला.

(राहीबाई जोत्यावर खाली बसते.)

विजया : पाणी घे, राही. सावकाश.

राहीबाई : वैनी, वरीस झालं. मालक नुस्तं खोकलं तरी माजा हात आदी कपाळाव जायचा, हाय का बगायला. म्हैस व्याताना अडली, तरी वाटायचं माज्यामुळंच. आज पैल्यांदा पानी ग्वाड लागलं बगा.

विजया : रड, रड. इथं कुणी मान वर करा म्हणणार नाही.

राहीबाई : न्हाई, हसाया यतंय मला. पर गुर्जी, आवाज? म्या लई वरडले हुते. घसा बसला हुता दोन दिस.

दत्तोपंत : आवाजही नाही. त्या जागी सारंगी आणि व्हायोलिन आहे.

राहीबाई : म्हंजी फुकाट घसा फोडला म्या?

विजया : बघा! मघाशी दिसू नये म्हणून जीव चालला होता हिचा.

राहीबाई : तसं न्हाई वो. पर येवढं खरं रडले, तर जरासं ठिवायचं का न्हाई?

दत्तोपंत : एक गोष्ट ठेवली आहे. मला तुला विचारायचे आहे ते त्याच हाताविषयी. तो डावा हात आहे. कोपरापर्यंत चिखलाने माखला आहे.

राहीबाई : गोंदान दिसतंय का त्याच्याव?

दत्तोपंत : नाही. चिखल जाड आहे.

राहीबाई : म्याच फासला हुता. सासूबाई गोंदनावरनं वळकत्याल म्हनून.

दत्तोपंत : म्हणजे हात तुझाच. मी तर्काने तेथवर आलो होतो; पुढे तुला बसवले होते, आणि वाळूवर टेकलेला हात तेवढ्या एकीचाच दिसत होता. आता ऐक, मी काय लिहिले आहे. 'या संपूर्ण चित्रपटात दुःख एकदाच येते, आणि तेही चेहऱ्याविना. एक चिखलाने माखलेली मूठ वाळूवर टेकलेली आहे. ती आपटत नाही, उघडत नाही, थरथरत नाही. जे गेले ते सोडून देण्यास नकार देणारी ती मूठ आहे. असा अभिनय शिकवून येत नाही.'

राहीबाई : काय गेलं?

दत्तोपंत : पती. चित्रपटातला.

राहीबाई : आवो न्हाई गुर्जी. मुठीत मनी हुते.

विजया : कसले मणी?

राहीबाई : माजं मंगळसूत्र. त्यो म्हनला, काड न् ह्या डब्यात ठिव. कुंकू त्यानं पुसलं, माजा विलाज चालला न्हाई. पर मनी डब्यात न्हाई टाकले. डाव्या हातात घट्ट धरले. त्यो म्हनला, हात जरा सैल सोड, तर म्या आनखी आवळला. तळव्याला वळ उठले हुते.

विजया : अगं बाई!

राहीबाई : रडत हुते ते आयच्या आटवनीनं. मूट झाकली हुती ती मालकांसाटी.

विजया : राही, हे गप्प बसलेत. तारीख लिहून ठेव.

दत्तोपंत : मी गप्प बसलो नाही. मी माझे वाक्य तपासत आहे. 'जे गेले ते सोडून देण्यास नकार' हे चूक ठरते. काहीच गेलेले नव्हते. जे होते, ते तिने राखले. म्हणजे पडद्यावर त्या चार सेकंदांत विधवा दिसतच नाही, सवाष्ण दिसते. आणि ज्याने ते दृश्य घेतले, ज्याने ते ठेवले, आणि ज्याने त्यावर दहा ओळी लिहिल्या, त्या तिघांनाही त्याचा पत्ता नव्हता.

विजया : मग खोडा त्या दहा ओळी.

दत्तोपंत : खोडणार नाही, सुधारीन. आणि हात कोणाचा, तेही लिहीन. पडद्यावर सुरुवातीला नावे येतात, त्यांत केशभूषाकाराचे नाव आहे, भोजनव्यवस्थेचे आहे. ज्या हाताने चित्रपट तोलला, त्याचे नाही. हा अन्याय मी शेंडी गावाच्या नावानिशी–

राहीबाई : पाया पडते गुर्जी! नका लिवू. आत्ताशी कुटं जीव ठिकान्याव आला.

दत्तोपंत : परंतु सत्य लिहिणे हा परीक्षणकर्त्याचा–

विजया : तिच्या घरात येऊन तुमचं सत्य चूल पेटवणार आहे का? हात कुणाचा ठाऊक नाही, असं लिहा.

दत्तोपंत : मला ठाऊक आहे. ठाऊक नाही असे मी कसे लिहू?

विजया : मग काय करता?

दत्तोपंत : थांब... असे लिहितो. 'हा हात कोणाचा, हे नामावलीत सांगितलेले नाही.' हे अक्षरशः खरे आहे. राही, चालेल?

राहीबाई : गावाचं नाव?

दत्तोपंत : नाही.

राहीबाई : मंग चालंल. ह्या दुरडीत अळूची पानं हायेत वैनी, वड्या करा. गुर्जींनी तीन डाव शिनुमा सोसला.

विजया : सोसला कसला! काल जेवताना नायिकेची सातवी रड करून दाखवत होते. अहो, आणि हे बघितलंत का? तुम्ही नगरहून आणलेल्या त्या साप्ताहिकाच्या अंकातच आहे, मागच्या पानावर. 'याच संस्थेच्या आगामी चित्रपटासाठी नायिकेची निवड झाली असून, नायकाविषयी बोलणी सुरू आहेत. पाडव्यानंतर भंडारदरा परिसरात चित्रीकरण होईल. विवाहाच्या भव्य प्रसंगासाठी स्थानिक पन्नास सुवासिनी हव्या आहेत.'

राहीबाई : पुन्यांदा येत्यात?

दत्तोपंत : सुवासिनी हव्या आहेत! सवाष्णीचे कुंकू पुसताना ज्यांनी तिला एका शब्दाने विचारले नाही, त्यांना आता कुंकवाची ही चाड! ही विसंगती परीक्षणात आलीच पाहिजे.

विजया : जाशील का राही? या खेपेला पुसायचं नाही, लावायचंय.

राहीबाई : मी न्हाई जायची. येकदा सुटले, बास झालं. पर सासूबाईंना धाडावं म्हनते.

विजया : बनुबाईंना?

राहीबाई : मालक पाळन्यात हुते तवा सासरं गेले. येकवीस वर्सांच्या हुत्या त्या. तीस वर्सं झाली, लग्नघरात मागल्या भिताडाला टेकून बसत्यात. रोज सांजच्याला माजं कपाळ बगत्यात. वरीसभर मला वाटलं, पाळत ठिवत्यात. आत्ता तुमी वाचाया लागलाव, तवा मनात आलं, कुनाला ठावं कशापायी बगत असतील.

दत्तोपंत : पण राही, येथे स्पष्ट म्हटले आहे, सुवासिनी.

राहीबाई : मला कुनी इचारलं हुतं का गुर्जी, तुजा नवरा हाय का म्हनून? वल्लं फडकं आनलं न् पुसलं. तसंच कुंकवाचं बोट आनतील न् लावतील. तितं कोन इचारतंय?

विजया : आणि त्या तयार होतील?

राहीबाई : आदी म्हंतील, येडी झालीस का. दोन दिस बोलायच्या न्हाईत. मंग भाकरी थापताना हळूच इचारतील, कुंकवाखाली मेन लावत्यात का गं, का नुस्तंच?