भिंतीवरचा बाप

— हो हो, तोच मी. ओरडू नका हो, रांगेत आजी बसल्यात, त्यांचं हृदय आधीच बॅटरीवर चालतंय. तोच मी, मा चुनबे, भिंतीवरचा मेलेला आजोबा. कुठल्या सिनेमात पाहिलंत? जास्तीच्या चमच्याच्या? की ज्यात सून रोज एकाच भिंतीला कागद चिकटवत बसते, त्या? दोन्ही! मग तुम्ही मला दोनदा मेलेलं पाहिलंय. तसा मी नऊ वेळा मेलोय — नऊ सिनेमे, नऊ चौकटी, नऊ काळ्या फिती, आणि मरायचे कष्ट एकदाही पडले नाहीत. तुम्ही पावडर लावा, थांबू नका. गालाच्या घड्यांत जरा जास्त जाऊ द्या. मागच्या महिन्यात बाजारात टोफू घेत होतो, तर एका बाईने मला बघितलं आणि हातातली अंडी सोडली. सगळी. मी म्हटलं, अहो, मी जिवंत आहे — तर आणखीनच घाबरली. मेलेल्याने तसं सांगितलं की लोकांना जास्त भीती वाटते, हे तेव्हा कळलं.

आज मात्र खरा फोटो. मेल्यावर फुलांच्या मध्ये ठेवायचा, तो. तुम्हांला काय सांगायचं, तुम्ही दरवर्षी पार्लर बंद ठेवून इथे वृद्ध केंद्रात येता, आम्हां सगळ्यांना मरणासाठी नटवता — पुण्य लागेल. कोट केंद्राचा, टाय केंद्राचा, खालची ट्रॅकपँट तेवढी माझी. वर गेल्यावर माणसाला कमरेपर्यंतच बघत असावेत. पण बाई, एक सांगून ठेवतो, आज चेहरा नीट यायला हवा. गंमत नाही. माझी मुलगी सोल्ही, एकुलती एक, तिने फोनवर सांगितलंय — तो सिनेमातला चेहरा असेल तर मी तो फोटो मांडणार नाही, रिकामी चौकट ठेवीन. ठेवील. ती बोलली की करते, आईवर गेलीय. तीन दिवस लोक येणार, वाकून नमस्कार करणार, आणि समोर काय, तर लाकडाची चौकट आणि मागची भिंत! भिंतीला नमस्कार करून लोक बाहेर जाऊन सूप पिणार. म्हणून म्हणतो, दुसरा चेहरा काढा माझा. तुमच्याकडे काही लावायला असेल तर लावा.

चेहरा कसा सापडला म्हणता? मी पियानोच्या कारखान्यात होतो, एकतीस वर्षं झाकणं घासायचो. शाळा चौथीपर्यंत. एकतीस वर्षांत एकही पियानो पूर्ण वाजलेला ऐकला नाही, आमच्या खात्यात फक्त घासायचं. निवृत्त झालो, इथे केंद्रात येऊन पत्ते खेळायला लागलो. एकदा सिनेमावाल्यांची एक पोरगी आली, म्हाताऱ्यांचे चेहरे बघत फिरली — बाजारात कोबी बघतात ना, उलटसुलट, तशी. माझ्यापाशी थांबली. घेऊन गेले मला. दिग्दर्शक म्हणाला, आजोबा, काही करू नका. हसू नका, रागावू नका. घरात काय चाललंय ते तुम्हांला सगळं माहीत आहे आणि तुम्ही सांगणार नाही — एवढंच. मी म्हटलं, एवढंच? ह्यासाठी मला गाडी पाठवलीत? फोटो एका दमात झाला. दिग्दर्शक अगदी खूश. म्हणे नट लोकांना हे महिना महिना जमत नाही.

तुम्ही कुणाबरोबर बघता हो असले सिनेमे? — सासूबरोबर! अरे वा. घरी बोलत नाही म्हणता, आठ महिने झाले, मिठाच्या बरणीवरून — बरं — आणि सिनेमाला शेजारी शेजारी बसता? कोण तिकीट काढतं? त्या काढतात! आणि भूत आलं की? — हात धरता. एकमेकींचा. मग दिवे लागले की सोडता. हसू नका, बाई, ब्रश डोळ्यात जातोय. ह्यालाच तर म्हणतात सिनेमा. लोक विचारतात, आपल्याकडे असले घरात घुसलेल्या भुताचे सिनेमे एवढे का चालतात, जग का बघतं. मी सांगतो का ते. भुताला कोण घाबरतंय? भूत बिचारं नोकरदार आहे, वेळ झाली की येतं, केस सोडून उभं राहतं, पाळी संपली की जातं. मी बघितलीय भूत होणारी पोरगी, दोन फोटोंच्या मधल्या वेळात खुर्चीवर बसून भाताचे लाडू खात होती आणि माझ्या गुडघ्याची चौकशी करत होती. भीती तिची नाही. भीती जेवणाच्या टेबलाची. तो चमच्याचा सिनेमा घ्या — घरात माणसं चार, आणि रोज टेबलावर चमचे पाच. आई मोजते, दिसतं तिला. आजी मोजते. पोरगा मोजतो. आणि कुणी, कुणीसुद्धा विचारत नाही, की अरे, हा पाचवा चमचा कुणाचा? पहिल्या दिवशी विचारलं असतं तर पाच मिनिटांत सिनेमा आटोपून लोक घरी गेले असते. पण कोण विचारणार? विचारायचं काम कुणाचं? — बापाचं. आणि बाप काय करतो? बाप सूप मागतो.

हे बघा, मी नऊच्या नऊ सिनेमे बघितलेत, फुकट पास मिळतो. नऊमध्ये सासू वेगळी, सून वेगळी, भूत वेगळं, पण बाप एकच. संध्याकाळी येतो, बूट काढतो, बुटांची टोकं दाराकडे करून ठेवतो. बायको कोपऱ्यात थरथरतेय, पोरगी भिंतीशी बोलतेय, आणि हा म्हणतो, आज सूप बरं झालंय. थिएटरात बायका ओरडतात, बोल रे मेल्या! मागच्या रांगेतून कुणीतरी पॉपकॉर्न फेकलं होतं पडद्यावर, बापाच्या तोंडावर. मीपण हसलो. सगळ्यांबरोबर हसलो. नंतर बाहेर येऊन बसथांब्यावर बसलो, दोन बस गेल्या, मी आपला बसलेलोच.

नाही, काही नाही. टाय जरा सरळ करा.

आमच्याकडे मुळा — तसं नव्हे, आधीचं सांगतो. आमच्या घरी थंडीची किमची, कोबी-मुळ्याचं तिखट लोणचं, घालायचा दिवस होता. अंगणात शंभर गड्डे कोबी, शेजारच्या सहा बायका, माझी बायको ग्वीरे मधोमध, कोपरापर्यंत हात तिखटाने लाल. त्याच वर्षी आमचा धाकटा गेला होता, आठ महिन्यांचा, तापाने. माझ्या आईने एक पान तोडून तोंडात घातलं आणि थुंकलं. खारट, म्हणाली. माझा नातू खाल्लास, आता कोबी पण खा. आणि पिंप लाथेने आडवं केलं. सहा बायका माझ्याकडे बघायला लागल्या. ग्वीरे बघत नव्हती, ती खाली वाकून पानं गोळा करत होती. सोल्ही बघत होती. नऊ वर्षांची, हातात लसणाचं ताट. असं बघत होती, की आता बाबा बोलणार. मला सगळं माहीत होतं हो. पोर कशाने गेलं, डॉक्टरकडे न्यायला आईनेच दोन दिवस अडवलं होतं — सगळं. मी एक फोड उचलली, चावली आणि म्हटलं, मुळा मात्र छान झालाय.

काय बोलू नका. लावा पावडर.

ग्वीरे बावीस वर्षं स्वयंपाकघरात उभ्याने जेवली. भांड्याच्या तळाची खरवड आणि त्यातलं पाणी. माशाचा मधला तुकडा आई माझ्या वाटीत टाकायची, मी खायचो, चांगला लागायचा. आई गेली, तरी ही उभ्यानेच. मी एकदा विचारलं — म्हणजे विचारलं असं नाही, बघितलं तिच्याकडे. ती म्हणाली, सवय झालीय. मी म्हटलं, बरं. ‘बरं’ म्हटलं हो मी. आता अकरा वर्षं झाली तिला जाऊन. सोल्ही दहनानंतर गेली ती गेलीच, सणावारीही नाही. मला वाटायचं, कामात असेल. आणि ह्या वसंतात फोन आला. आधीचा तीन वर्षांपूर्वी आला होता. मी म्हटलं, जेवलीस का? ती म्हणाली, बाबा, नवा सिनेमा पाहिला. पहिल्यापासून सगळे पाहिलेत मी तुमचे. ह्यात तुम्हांला अगदी बरोबर जागी टांगलंय, जेवणाच्या टेबलासमोर. मला हसू आलं, काय करू? मुलगी बोलते मोठी झकास. मग ती चौकटीचं म्हणाली. आणि ठेवला फोन. पण नऊच्या नऊ पाहिलेत तिने, बघा. तिकीट काढून. मला बघायला.

— हो, आलो! सतरा नंबर, मीच. धरा जरा हात, गुडघा ऐकत नाही. ह्या स्टुलावर? बसलो. हनुवटी खाली. खांदे असे. काय म्हणाले फोटोवाले? ‘वा, किती शांत चेहरा, असाच ठेवा’? ऐकलंत, बाई? दहाव्यांदा मेलो! थांबवा त्यांना, थांबवा. तुम्ही जाऊ नका. इकडे या, कॅमेऱ्याच्या बाजूला उभ्या राहा. हात कुठे ठेवू काय विचारता — घरी वाढून झाल्यावर ठेवता तसे, एप्रनला पुसत. हां. तसंच. दारात उभं राहतात तसं, आत यावं की नाही अशा.

अगं... ग्वीरे. अगं, ये ना. ठेव ते भांडं, नंतर घासू. इकडे ये, बस. तिथे नाही, इथे, माझ्या शेजारी. आई, सरक जरा, तिला बसू दे. सरक म्हणतो ना! सोल्ही, आईला चमचा दे. हा घे मासा, पोटाकडचा आहे, काटे काढलेत मी. बस. बसून जेव. कुणी काही बोलणार नाही तुला, बोललं तर मी—

घेतला? कधी घेतला? मी तर बोलत होतो. तोंड उघडं आलंय म्हणतात, एक डोळा मिटलाय, असा फोटो फुलांत कुणी ठेवत नाही, पुन्हा काढू म्हणतात. नको. अजिबात नको. दाखवू पण नका मला. पाकिटात घाला आणि टाका पोस्टात, पत्ता वर लिहिलाय, सोल्हीचा आहे. बघेल ती आणि काय ते ठरवेल. आणि तुम्ही काय अशा उभ्या राहिलात? ब्रश पडलाय तुमचा, उचला. जा आता. अठरा नंबरला बोलवा, त्या आजी कधीच्या उठून उभ्या आहेत.