मॉरिसचं माहेरपण

...नाही, पण मी म्हणतो, माणसानं रिटायर झाल्यावर करावं काय? सकाळी फिरावं, पेपर वाचावा, शुगर तपासावी, नातेवाइकांची लग्नं जमवावीत, काय कमी उद्योग आहेत? पण आमचे शेजारी अनंतराव! वाळूजच्या एका कारखान्यात जन्मभर इन्स्पेक्शनला, म्हणजे दुसऱ्यानं केलेला माल तपासायचा आणि लाल खूण मारून परत पाठवायचा. त्या माणसानं रिटायर झाल्यावर घेतलं काय, तर कोंबड्यांचं खुराडं. आता तुम्ही म्हणाल खुराडं कशाला, तर तुम्हाला सांगतो, ते खुराडं म्हणजे मोटार होती. मॉरिस मायनर. थेट विलायतेची. ती मोटार आहे हे फक्त अनंतरावांना दिसत होतं, बाकी कुणाला नाही, ते सोडा.

झालं असं, की अनंतरावांच्या मिसेस, उमावहिनी, यांचं माहेर कन्नडचं. त्यांचे भाऊ नानासाहेब, त्यांच्या नव्या घराची वास्तुशांत. आता वहिनींचं माहेरी जाणं म्हणजे कसं, तर उभ्या उभ्या. कार्य उरकलं की संध्याकाळी परत. लग्नानंतरची पहिली नागपंचमी काय ती माहेरी झाली, तेवढीच. त्यानंतर दर श्रावणात वहिनींनी विषय काढायचा आणि अनंतरावांनी म्हणायचं, "एवढं ऑडिट झालं की झालं, जाऊच." ऑडिट झालं की वरचे साहेब यायचे, साहेब गेले की माल निघायचा असायचा, माल निघाला की परत आला असायचा... एवढं झालं की झालं. वहिनींनीही विचारायचं सोडून दिलं, पण विसरल्या असतील असं समजू नका हं.

तर वास्तुशांतीचं जेवण झालं, अनंतराव शतपावलीला बाहेर पडले आणि शेजारच्या भामाबाईच्या लिंबाखाली त्यांना ही दिसली. तिच्या टपावर दोन कोंबड्या, एक स्टेअरिंगवर, आणि मागच्या सीटवर एक अंड्यांवर बसलेली. भामाबाई म्हातारी, एकटीच. नवऱ्यानं हौसेनं घेतलेली ही गाडी, तो गेल्यापासून जागची हललेली नाही. अनंतराव तिथंच खिळले. वहिनी हात धुऊन येईपर्यंत यांची बोलणी पक्की.

"भंगारवाले लई आले," भामाबाई म्हणाल्या, "म्या दिली नाय. तुमी जावई मानूस, म्हून देते. पर आधी पिलं निघू द्या, कोंबडी उठवायची नाय. अन् लेकीवाणी न्यायची." आणि खरंच हो, पिलं निघाल्यावर टेम्पो घेऊन गेले, तर भामाबाईनं बॉनेट उघडायला लावलं आणि गाडीची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ, सगळं इंजिनावर. डोळे पुसले आणि म्हणाल्या, "आता पैल्या पंचमीला हिला माहेरी आनायची. सवताच्या पायानं. टेम्पोत निजवून नाय."

"आणतो की, त्यात काय?" अनंतराव म्हणाले.

वहिनी शेजारीच उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "शब्द देताय, बरं का."

आणि मग तुम्हाला सांगतो, आमच्या ज्योतीनगरच्या पार्किंगचा कारखाना झाला. सोबतीला हनीफ मिस्त्री. हा अनंतरावांपेक्षा वेडा. गाडी बघून त्यानं आधी चप्पल काढली. "साब, ये मेरे वालिद के टाइम की चीज है, इससे अदब से बात करनेका." बरं, कामाला बसले, तर अनंतरावांचे सगळे पाने मिलिमीटरचे आणि या विलायती बाईसाहेबांचे सगळे नट इंचाचे. एक पाना बसेल तर शपथ. मग शहागंजातून जुने पाने शोधून आणले. मग हनीफनं एखादा भाग बसवायचा आणि अनंतरावांनी चष्मा लावून बघायचं आणि सवयीनं लाल खूण मारायची. रिजेक्ट. "अरे साब, अपने घर की गाडी है, किसको रिजेक्ट करते?" पण नाही. वायपर रिजेक्ट, दाराची कडी रिजेक्ट, स्वतः पॉलिश केलेला आरसा, तोही रिजेक्ट. मग दोघं बॉनेट उघडून, विहिरीत काही पडल्यासारखे तासन्‌तास आत बघत उभे. वहिनींनी गॅलरीतून विचारलं, काय झालं हो? की हे वर न बघता, "एवढं झालं की झालं."

त्यात पाण्याची गंमत ऐका. आपल्याकडं नळाला पाणी म्हणजे सणच. पाण्याच्या दिवशी लोक पाहुणा आला तरी दार उघडत नाहीत, टाक्या, पिंपं, पातेली भरत असतात. आणि हे गृहस्थ वहिनींनी गाळून ठेवलेला हंडा उचलून गाडीच्या रेडिएटरला पाजतात! आणि तो सगळा गळून पार्किंगमधून वाहत माझ्या स्कूटरखाली. मी विचारलं, अनंतराव, हे काय? "गळती शोधतोय, एवढं झालं की झालं." वहिनी भांडल्या का? नाही. त्यांनी दुसऱ्या हंड्याला कुलूप घातलं. हंड्याला कुलूप कसं घालतात ते मला अजून कळलेलं नाही, पण घातलं.

असं करता करता आषाढ संपला. श्रावण लागला आणि नानासाहेबांच्या फोनवरून भामाबाईंचा निरोप, "लेक येती ना?" त्या दिवशी वहिनींनी जेवताना शांतपणे सांगितलं, "हे बघा, मला दिलेला शब्द मोडलात, मी तो घरातला म्हणून गिळला. त्या म्हातारीला दिलेला मोडलात, तर मला कन्नडला तोंड दाखवता येणार नाही. पंचमीला गाडी गेली पाहिजे, आणि गाडीत मी गेले पाहिजे." अनंतराव तसेच ताटावरून उठले. खोटं कशाला सांगू, माणूस घाबरला. लाल खडू हनीफच्या हवाली केला आणि म्हणाले, "जे आहे ते पास."

पंचमीच्या सकाळी निघाले. वहिनी नव्या साडीत, हातावर मेंदी. क्रांती चौकात आले. आता या गाडीला दिवे नाहीत वळायचे, तिच्या कुशीतून पिवळा हात बाहेर येतो. अनंतरावांनी बटण दाबलं, हात आला, वळण झालं, पण हात काही आत जाईना. शेजारी रिक्षावाला, तो वाकून म्हणतो, "चाचा, मुडना है तो मुडो, सबको टाटा कायकू कर रहे?" तसाच हात करत करत छावणी, मिटमिटा, सगळ्या रस्त्यानं गाडीचा निरोप समारंभ. वहिनी मात्र खुशीत. त्या पण हात करायला लागल्या.

आणि दौलताबादच्या घाटात फुस्स झालं. बॉनेटमधून वाफच वाफ. भुट्टेवाला धावत आला, त्याला वाटलं कुणी नवी शेगडी लावली. रबरी पाइप टोकाला चिरला होता. काम सोपं. चिरलेलं टोक कापायचं, उरलेला पाइप बसवायचा, की झालं. अनंतरावांनी पेटीतून चाकू काढला आणि वहिनींनी मनगट धरलं.

"आज पंचमी आहे. आज काही कापायचं नाही."

"अगं, रबर आहे ते."

"रबर असो नाहीतर भेंडी. वर्षाचा दिवस, मी माहेरी निघालेय, आज पातं लावायचं नाही."

आता काय करता? हनीफला फोन लावला. तो म्हणतो, "भाभी बोलती ना, तो मत काटो साब. कसके बांधो, हो जाता." बांधू कशानं? तर वहिनी म्हणाल्या, फाडायला हरकत नाही. आणि अनंतरावांचा कोरा पंचा टराटरा फाडला. जन्मभर केसाएवढा फरक दिसला की माल परत पाठवणारा माणूस, घाटात वाकून इंजिनाला चिंधी बांधतोय आणि बायको वरून गाठ तपासतेय. "सैल आहे. परत बांधा."

थांबत, पाणी पाजत, चिंधी पिळत, कन्नड गाठलं. भामाबाई केव्हाच्या उंबऱ्यात. भाकरतुकडा ओवाळला, चाकांवर पाणी घातलं, बॉनेटवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "येकदा पों करा की. मालक वळनावरून पों करायचे, म्या च्या टाकायची." अनंतरावांनी हॉर्न दाबला. पों वाजला. भामाबाईंनी पदर तोंडाला लावला आणि आत गेल्या चहा टाकायला. अनंतराव सांगत होते, त्यांना तिथं स्टेअरिंगवर डोकं ठेवून रडावंसं वाटलं. शब्द पाळला की माणसाला असं होतं, त्यांना सवय नव्हती.

आणि त्या पों नंतर गाडी जी बसली ती बसली. किल्ली फिरवली, हँडल मारलं, नानासाहेबांनी ढकलली, काही नाही. भामाबाईला काही नवल नाही. "लेक आल्या दिशी माघारी जाती व्हय? ऱ्हाऊ द्या तिला." तोवर कोंबड्या आत जाऊन बसल्या पण. अनंतराव म्हणाले, चल मग उमा, एसटीनं जाऊ. वहिनी कुठं, तर लिंबाच्या झोक्यावर. झोका न थांबवता म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढं. पोळा तेवढा होऊ द्या. एवढं झालं की झालं, येतेच."

अनंतराव पान्यांची पेटी मांडीवर घेऊन एसटीनं एकटे आले. पोळा झाला. फोन आला, आता महालक्ष्म्या आल्याच आहेत, नानाची बायको म्हणाली राहा, एवढं झालं की झालं. अनंतराव म्हणाले, "बरं." दुसरं म्हणणार काय, तुम्हीच सांगा. मध्यंतरी दोनदा पाणी आलं, हंडे भरले, आता गाळून ठेवायला कुणी नाही आणि पाजायलाही कुणी नाही.

काल गल्लीत पों वाजला. अनंतरावांनी दोघांच्या चहाचं आधण ठेवलं आणि सदऱ्याची बटणं लावत खाली धावले. बघतात तर भंगारवाला. "काका, जुनं काही द्यायचंय का?"

अनंतरावांनी त्याला वर नेलं, चहा पाजला आणि मग म्हणाले, "होतं बाबा. दोन्ही माहेरी गेलीत."