कुंदा मॅडमनी मागे घेतलेला निकाल

मोहाडीकर मंडळी, मॅडमच्या आई, मोठे दादा, आणि शाळेच्या या हॉलमध्ये जमलेले सगळे,

एवढ्या लोकांसमोर मी कधी बोललो नाही. माझं काम पाना फिरवायचं. दादा काल म्हणाले, "सुखदेवभाऊ, तिच्यासंगं कामात तुमीच जास्त दिवस काढले. तुमीच बोला." तेव्हापासून शब्द जुळवतो आहे. चुकलो तर सांभाळून घ्या.

कुंदा मॅडम गेल्या. आजार अंगावर काढला, आणि कळलं तेव्हा उशीर झाला होता. तुम्ही सगळे रडलात. मीही रडलो. पण आज मी रडायला उभा नाही. आज मी अभिमानानं उभा आहे. का, ते सांगतो.

पुष्कळ जण मला विचारतात, तुमच्या मॅडम नेमकं करत काय होत्या? त्यांनी मला समजावलं तसं सांगतो. खोल समुद्राच्या तळाशी गाळ असतो. तिथं थंडी आणि पाण्याचा दाब एवढा, की पाणी आणि गॅस मिळून बर्फासारखा पदार्थ होतो. वर आणला की वितळतो, गॅस सुटतो. काडी लावली तर तो बर्फ पेटतो. मॅडम त्याचा अभ्यास करायच्या. आणि त्याच विद्येनं त्या गॅस वेगळे करायच्या. आपल्या शेणाच्या गॅसमध्ये जळणारा गॅस असतो आणि न जळणाराही असतो. न जळणारा बर्फात कोंडायचा, जळणारा बाजूला काढायचा. हे त्यांचं काम.

मी तुमसरला एका राईस मिलच्या बॉयलरवर फिटर होतो. मॅडम सुट्टीत गावी आल्या होत्या, नातेवाइकांसोबत मिल बघायला आल्या. मी वाफेचा जॉइंट बांधत होतो. बराच वेळ उभ्या राहून बघत होत्या. मग म्हणाल्या, "भाऊ, वाफ थांबवता. गॅस थांबवान का?"

"कोन्ता गॅस?"

"समुद्रातला."

"मी तं समुद्र पायलाच नाही."

"मी बी तिथं जाऊनच पायला," त्या म्हणाल्या.

अशी मला मॅडमच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली.

आम्ही जाड पोलादाचं एक भांडं बनवलं. आत समुद्राची वाळू आणि पाणी. बाहेरून थंडगार पाणी फिरवायचं. वरून दाबानं गॅस सोडायचा. गॅस बर्फात जाऊन बसला की दाबाचा काटा खाली येतो. काटा जेवढा खाली, तेवढा गॅस कोंडला. असा हिशोब.

आणि काटा भरभर खाली येत होता. मॅडमचा लेख छापून आला. गॅस वेगळा करायच्या मोठ्या संयंत्राची बोलणी सुरू झाली. बढतीसाठी त्यांचं नाव पुढे गेलं.

मग एका सकाळी साफसफाईसाठी मी भांडं उघडलं. व्हॉल्व्हखालची रबरी रिंग हातात घेतली. तिला कडेला केसाएवढी चीर होती. बसवताना कडेला घासली होती. बसवली कोणी? मी. साबणाचं पाणी लावून गळती तपासली होती, पण भांडं थंड करायच्या आधी. थंडीत रबर आकसतं आणि चीर उघडते.

मंडळी, याचा अर्थ काय? काटा खाली येत होता, पण सगळा गॅस बर्फात जात नव्हता. थोडा त्या चिरेतून बाहेर जात होता, आणि आम्ही तोही बर्फात गेला असं धरलं होतं.

दोन दिवस ती रिंग मी खिशात घेऊन फिरलो. नवी बसवली असती तर कोणाला कळणार होतं? बायको म्हणाली, "जेवून काहून नाही राहिले?" तिसऱ्या दिवशी रिंग मॅडमच्या टेबलावर ठेवली.

"मॅडम, माझ्या हातून चूक झाली."

त्यांनी भिंग लावून पाहिलं. मग विचारलं, "हे कवापासून असन, भाऊ?"

"पयल्या प्रयोगापासून."

"मंग सारे प्रयोग पुन्हा करा लागते."

"आन् तुमची बढती?"

"मालूम झाल्यावर कशी घेऊ?"

त्याच दिवशी त्यांनी लेख छापणाऱ्यांना आणि वरिष्ठांना पत्र लिहिलं. आमचा निकाल चुकीचा आहे, तो मी मागे घेते. बैठकीत वरिष्ठांनी विचारलं, चूक कोणाची? मी मागच्या खुर्चीवर होतो. उठणार, तोच मॅडम बोलल्या, "यंत्र माझं, सही माझी, चूक माझी."

बाहेर आल्यावर मी भांडलो त्यांच्याशी. "माझं नाव काहून नाही घेतलं?"

त्या म्हणाल्या, "तुमची नोकरी गेली असती. मंग अशी रिंग आणून देणारा दुसरा माणूस मी कुठं पाहू?"

बढती दुसऱ्याला मिळाली. काही लोक त्यांना निष्काळजी म्हणाले. त्यांनी ऐकून घेतलं. दोन वर्षं आम्ही एकेक प्रयोग पुन्हा केला. नवा आकडा पहिल्यापेक्षा बराच कमी आला. पण तो खरा होता. दुसऱ्या ठिकाणच्या लोकांनी आपापल्या भांड्यात करून पाहिलं, तोच आला.

पुढे जहाजानं समुद्रतळाचा गाळ आणला, तेव्हा पहिले नमुने मॅडमकडे आले. जहाजावरचे प्रमुख माझ्यासमोर म्हणाले, "यांनी मोजलेलं पुन्हा मोजावं लागत नाही." मॅडमनी नुसती मान हलवली आणि कामाला लागल्या. मी मात्र बाहेर जाऊन डोळे पुसले.

आई, तुमच्या लेकीनं हे घरी कधी सांगितलं नसेल. कारण सांगितलं असतं तर माझं नाव घ्यावं लागलं असतं. त्यांनी ते शेवटपर्यंत कोणाजवळ घेतलं नाही. त्या पत्राखाली एकट्या त्यांची सही आहे. आज त्यांच्या गावात, तुमच्यासमोर मी सांगतो. ती रिंग मी बसवली होती. आणि अशा बाईच्या हाताखाली मी काम केलं.

आता सगळ्यांनी उभं राहावं. दोन मिनिटं कोणीच काही बोलू नये.

मॅडम, सुखदेवचा तुमाले नमस्कार.