घड्याळवाल्याचा भाऊ

बाई : काका, हिचं कार्ड बाजूला काढून ठेवा. आजपासून हिला घरी पुस्तक द्यायचं नाही.

ग्रंथपाल : हिला? अहो बाई, सहावीतून रोज न चुकता इथे येणारी ही एकटीच. केलं तरी काय पोरीनं?

बाई : पुस्तक न वाचताच वाचनवही लिहिली. चक्क थापा.

मुलगी : मी थापा नाही मारल्या.

बाई : वर तोंड करून बोलू नकोस. काय लिहिलंयस ते वाच. मोठ्यानं. काकांनाही ऐकू दे.

मुलगी : ‘घड्याळवाला रोज भावाची वाट बघतो. शेवटी तो दुकानाला कुलूप लावतो आणि निघून जातो. भाऊ येतच नाही. मला इतका राग आला की दोन दिवस मी त्या पुस्तकाशी बोलले नाही.’

बाई : पुस्तकाशी बोलली नाही म्हणे! अगं, भाऊ येतो शेवटी. अख्ख्या वर्गानं लिहिलंय, दोघे भाऊ भेटले आणि डोळ्यांत पाणी आलं. तुझ्याच पुस्तकात बरा आला नाही तो?

मुलगी : त्यांचं पुस्तक वेगळं असेल.

ग्रंथपाल : वेगळं कुठलं गं? एकच तर प्रत आहे. तीच सगळ्यांकडे फिरलीय.

बाई : ऐकलंस? आता खरं सांग, कुणी लिहून दिलं? ताईनं?

मुलगी : ताई? ती तर स्वतःची वही माझ्याकडून लिहून घेते.

बाई : जीभ मात्र चुरूचुरू चालते.

मुलगी : बाई, मी दोनदा वाचलंय. काका, दाखवा ना. शेवटचं वाक्य आहे, ‘त्यानं कुलूप पुन्हा एकदा ओढून पाहिलं आणि तो चालू लागला.’

बाई : दाखवाच. होऊन जाऊ दे एकदाचा सोक्षमोक्ष.

ग्रंथपाल : थांबा, चष्मा कुठे गेला... हं. कुलूप ओढून पाहिलं, चालू लागला. बरोबर आहे की पोरीचं! आणि पुढे... पुढे एकदम कव्हरच.

बाई : असं कसं होईल?

ग्रंथपाल : अनुक्रमणिकेत अजून एक प्रकरण दिसतंय. ‘पाहुणा’. पण फाडल्याची खूण नाही. बांधणीतच राहून गेलं असणार. नवंकोरं आलं तेव्हा मी तरी कुठे उघडून बघितलं म्हणा.

बाई : पाहुणा म्हणजे भाऊच तो.

मुलगी : पण बाई, ती पानंच नाहीत, तर बाकीच्यांना भाऊ कुठे भेटला?

बाई : तेच बघते आता! लबाड मेले सगळे. एकमेकांच्या वह्या उतरवल्या असणार. पानं नाहीत म्हणून एकालाही सांगावंसं वाटलं नाही? याची सुरुवात कुणी केली, ते शोधूनच काढते.

मुलगी : कुणी उतरवलं नाही, बाई. तुम्हीच सांगितलंत ना, भाऊ भेटतात म्हणून. हे पुस्तक वर्गात पहिल्यांदा दाखवलंत त्या दिवशी. मी तापानं घरी होते. मला आत्ता मधल्या सुट्टीत कळलं.

ग्रंथपाल : बाईंनी दुसरीकडे कुठेतरी वाचलं असेल गं. हो ना, बाई?

(बाई पुस्तक उलटं करून मागचं कव्हर बघत राहतात.)

मुलगी : काय लिहिलंय तिथे?

ग्रंथपाल : बघू... ‘ताटातूट झालेल्या दोन भावांच्या भेटीची हृद्य कहाणी.’

मुलगी : अय्या.

बाई : काका, हिचं कार्ड जागेवर ठेवा. चुकलं माझं. आणि तू अशी टकामका बघू नकोस माझ्याकडे, आधीच ओशाळल्यासारखं झालंय मला.

मुलगी : मी कुठे बघतेय?

बाई : हे पुस्तक आज मी घरी नेते.

ग्रंथपाल : तुमच्या नावावर लिहू?

बाई : लिहा.

मुलगी : पण बाई, मग तुम्हालाही वाचनवही लिहावी लागेल. शेवट माहीत नसला तरी चालतं.