बादलीतला कॅमेरा

मॉन्टेरीला समुद्रात बुडी मारायच्या टाकीत हवा भरून घ्यायच्या रांगेत माझ्यापुढे एक म्हातारा आणि एक म्हातारी होती. म्हाताऱ्याच्या हातात पाण्याची बादली होती आणि बादलीत जुना रोलवाला कॅमेरा बुडालेला.

"कॅमेऱ्याच्या पाणबंद डब्याचं रबरी कडं काढलं, पुसलं, त्याला ग्रीस लावलं. सगळं नीट केलं, ग्रेटा."

"मग?"

"मग ते बशीतच राहिलं. डबा तसाच बंद केला."

"मी तुला डबा गळतो का एवढंच बघायला सांगितलं होतं, ड्वेन. पहिल्या बुडीला तो रिकामा न्यायचा, हे तुला मी सांगायचं?"

"कॅमेरा आतच होता. आकडा एकतीसवर होता. म्हटलं, छत्तीसातले पाच फोटो उरलेत, संपवून टाकू."

"एकतीस."

"अशी काय बघतेस?"

"तो रोल माझ्या वॉल्टरचा आहे. त्याच्या शेवटच्या बुडीचा."

"वॉल्टर जाऊन अकरा वर्षं झाली. धुवायला का नाही टाकलास?"

"हिंमत झाली नाही. आधी तो पाण्यातून काढ."

"नको. वाळला की फिल्म चिकटते, मग काहीच हाती लागत नाही. ओला आहे तोवरच धुवायला हवा."

"तोवर म्हणजे किती दिवस?"

"आजच."

"बादली माझ्याकडे दे. सांडू नकोस."