दोन भोवरे

— मान जरा खाली घ्या, दादा. हं, अशी. थोडेच कमी करतो, काळजी सोडा. तर काय सांगत होतो — हे वर पाय वाजतायत ना, तो माझा मुलगा. सामान बांधतोय. भांडण? छे, भांडण झालं असतं तर बरंच की, समजूत तरी घातली असती. परवापरवापर्यंत इथे उभा राहून माझी थट्टा करायचा — बाबा, गिऱ्हाईक कंटाळलं, जरा तोंडाला विश्रांती द्या — आणि एक दिवस बाहेरून आला तो बोलेनाच. ताट वर नेऊन जेवतो. आईने डोक्यावरून हात फिरवला तर झटकला. आईचा हात, हो. आणि आज सकाळी म्हणतो, मी जातोय, शोधू नका.

तुम्ही त्याच्याच वयाचे असाल. मग सांगा ना, बापाने काय म्हटलं की पोरगं थांबतं? मी सगळं म्हणून पाहिलं. नोकरी गेली असेल तर जाऊ दे. कुणावर जीव जडला असेल तर घेऊन ये घरी, कुणी का असेना. काही गुन्हा केला असशील — हो, तेही म्हटलं, बंद दाराशी उभं राहून — तर पोलिसांकडे मीही येतो, बाहेर बाकावर बसून राहीन. आतून एवढंच आलं, बाबा, दुकान उघडा. म्हणून उघडलं. नाहीतर आज कशाला उघडतोय मी? हातात कात्री असली की जरा बरं वाटतं, एवढंच.

आरशात बघा, कल्ले सारखे झाले? मागे? मागे काय — अरे. नाही हो, फॅशन कसली. माझ्या पोराला दोन भोवरे आहेत, तिथे आखूड कापले की केस ताठ उभे राहतात, म्हणून मी तिथे लांब सोडतो. जावळापासून त्याच्या डोक्याला दुसऱ्या कुणाची कात्री लागलेली नाही. तुम्हाला तर एकच भोवरा. माफ करा, दादा, तुम्ही थोडेच म्हणाला होतात, आणि मी बोलता बोलता तुमचं डोकं त्याचं करून ठेवलं. हसा, हसा, तुमचा हक्क आहे.

बसा, सारखं करून देतो, आत्ता — थांबा. जिन्यावर बॅग घासतेय. त्याला दुकानातूनच जावं लागतं, दुसरी वाट नाही. उठा, दादा. संध्याकाळी या, नीट करून देईन. कापड मी काढतो, तुम्ही आधी उठा. खुर्ची मोकळी दिसली तर — उठा ना हो.