वाकळीतला बावटा

हॅलो?… हॅलो, कोण?… उदय व्हय! थांब, टीव्ही बारीक करते… हां, बोल आता.

न्हाई रं, बघत न्हवते. नुसता लावून ठिवलेला. घरात कुणीतरी बोलत असलं की बरं वाटतं.

अंबूबाई? ती मिरजंला गेलीया, लेकीला दवाखान्यात ठिवलंय. चार दिस झालं, शेजारचं दार बंदच हाय… मला काय धाड भरलीया? हाय की बरी. जेवले, जेवले. एक भाकरी थापली, अर्धी खाल्ली, अर्धी झाकून ठिवलीया रातच्याला.

माझं ऱ्हाऊ दे. आज माझ्या नातवाचं, ऋषिराजचं, त्ये पाण्याचं बारसं न्हवं का? चर्चातलं?… मग सगळी सकाळधरनं उठली असतील. माझी वाकळ पोचली का? कराडच्या कुरिअरवाल्यानं तीनदा वजन केलं बघ… पोचली! कालच? आरं, मग काल का न्हाई फोन केलास?

आवडली का?

आवडली का म्हणते मी… उदय?

काय लाल?… हां, त्यो मधला चौकोन. व्हय, इळा-हातुडाच हाय त्यो. तुज्या आप्पांचा बावटा… मग?

असं रडल्यावानी नगं बोलूस, नीट सांग. कोण वरडलं?… रामराव?… तेच रं, रामिरो. माझ्या जिभंवर रामरावच बसलंय. आरं, एवढा हौशी इवाई, तुज्या लग्नात हलगीवर नाचला त्यो… वाकळ भिरकावली? लेकराच्या अंगावरची?… खुर्चीवर टाकली. बरं. टाकली आन् भिरकावली ह्यात फरक हाय, बाळा.

व्हय… ऐकतिया… क्युबातनं बोटीनं अमेरिकेत आल्यात, त्ये ठावं हाय. का आलं, त्ये तू कवा सांगिटलंस मला?… त्येंच्या बाची जमीन? उसाची?… आगं बया, तिथं बी ऊसच! आन् त्या लाल सरकारनं घितली… बाला आत टाकलं? कशापायी? जमीन देत न्हाई म्हणला म्हणून?

किती?… अकरा वर्सं!

आन् मी त्येंच्या नातवाला त्यातच गुंडाळलं. आरं द्येवा…

न्हाई रं, मला काय ठावं? आपल्याकडं बावटा म्हंजी… आरं, आपलं दोन एकर कशानं आलं? तुजा आज्जा जलमभर दुसऱ्याच्या रानात राबला. कुळकायदा आला, पण मालक सोडतोय व्हय? लाल बावट्याची माणसं बांधावर येऊन उभी ऱ्हायली, तवा सातबाऱ्यावर नाव लागलं. त्याच उसावर तू शिकलास, इमानात बसलास… म्हंजी बग की, ज्यानं त्येंचा ऊस गेला, त्यानंच आपला आला. आता ह्ये त्येंना कुणी सांगायचं, आन् कुठल्या तोंडानं?

हां?… सूनबाईची, यमिलाची आत्या? ती अजून क्युबातच ऱ्हाती?… यमिलानं फोनवर दाखवली तिला वाकळ… आन् तिनं मुका घितला फोनचा! मग काय, पेटलंच असंल. भाऊ-भण न्हवं ती? … तीस वर्सं बोलत न्हाईत! भाऊबीज न्हाई, काय न्हाई?… नसंल त्येंच्यात. पण भाऊ तर असतोच की.

ती काय म्हणती?… शाळा फुकट, डाक्टर फुकट, तिची दोन्ही पोरं शिकली. आन् आता औषधं मिळत न्हाईत, ती अमेरिकेनं बंदी घातलीया म्हणून… आन् ह्ये म्हणत्यात, बंदी अजून आवळा, म्हंजी सरकार पडंल… बंदी आवळल्यावर आधी कोण पडतं रं? सरकार, का औषधाच्या रांगंतली म्हातारी?… मी कुणाची बाजू घेत न्हाई, इचारतिया नुसतं.

कोण म्हणली?… ती शेजारची नर्स, व्हेनेझुएलाची? ती तर सोता उपाशी पळून आलीया तसल्याच सरकारापायी… आन् तीच म्हणती बंदी नगं, माझी आई तिथं हाय म्हणून?… बग. एक बोली, एक द्येव, आन् तिघांची तोंडं तीन दिशेला. कुणाला खोटं म्हणायचं? ज्याचं जळतं त्येलाच कळतं.

बरं, आता माझ्याकडनं काय पायजे? … काय? परत बोल… मी त्येंना सांगू, की ह्यो बावटा न्हवंच? ऊसतोडीचा कोयता हाय, कारखान्याचं चिन्ह हाय, म्हणून?

आरं खुळ्या! त्या चिन्हापायी अकरा वर्सं बाची वाट बघितलेला माणूस त्यो. त्येला कोयता कळत न्हाई व्हय?

न्हाई. खोटं न्हाई बोलणार मी… माझं तिकडं यायचं दिवाळीचं तिकीट? त्येचं काय?… म्हंजी आज ह्ये बोलले न्हाई, तर दिवाळीला यायचं न्हाई, असं?… तू न्हाई म्हणत. ते म्हणत्यात. "सध्या नगं."

कळलं.

… हाय, हाय. फोन हातातच हाय. पदर सारखा करत हुते.

उदय, एक सांगू? मला त्या बावट्याचा पुळका न्हाई. माझी सवत हुती ती. मोर्चा म्हणलं की तुजं आप्पा भरल्या ताटावरनं उठायचं. तू झालास तवा बी जेलात. लोक आपलं "लालासाहेब कामरेड, लालासाहेब कामरेड" करायची, आन् मी चाळीस वर्सं एकटीच जेवले. आन् गेलं, तवा भावकीनं सगळी कापडं नदीला सोडली, रीत हाय म्हणून. सदरा न्हाई, पटका न्हाई, काय ठिवलं न्हाई. ह्यो एवढा पेटीच्या तळाला ऱ्हायला हुता. पाच वर्सं झाली, अजून तमाखूचा वास येतोय त्येला… नातवाला आज्ज्याची ऊब कशाची द्यायची मी? हुतं त्येच दिलं. त्यात सरकार न्हवतं रं. माणूस हुता.

कोण बोलतंय मागनं?… ते? ऐकत्यात सगळं?… यमिला त्येंच्या बोलीत समजावून सांगतिया? आन् फोन तू मोठ्या आवाजावर टाकलायस व्हय? आरं, आधी न्हाई सांगायचं!

रामराव?… नमस्कार… व्हय, मंगल, मंगल… उदय, काय इचारत्यात?… तुजं आप्पा किती दिस जेलात हुतं? साडेतीन महिने, म्हणावं. संपापायी… भेटाय जात हुते का? जायचे की. दर ऐतवारी, एसटीनं, तुला काखंत घिऊन. फडक्यात भाकरी बांधून… त्येंची आई बी जायची? भाकरी घिऊन?… पाव. पावच असणार. मग?… दारावरचा शिपाई काढून घ्यायचा…

रामराव, आमचा बी घ्यायचा.

… कातर? कातर कशाला मागत्यात?

… उसवायचं हाय.

उसवू दे. उसवा म्हणावं. त्येंच्या जिवाला टोचतंय ते लेकराच्या अंगावर कशाला? लेकरू दोन्ही घरचं हाय. पर जपून. टाका बारीक हाय माझा, वाकळ फाटंल. आन् ऐक… ऐक ना रं! त्या तांबड्या चौकोनाखाली कायतरी टणक लागंल. टाकू नगा. भाकरीचा तुकडा हाय त्यो… हसू नगंस. वाकळ उपाशी शिवू न्हाई. पोटात घास ठिवला, म्हंजी पांघरणारा उपाशी ऱ्हात न्हाई. तेवढं त्येंना सांग.

सांगिटलंस?… काय म्हणालं?

… मोठ्यांदा रडत्यात? रडू दे. पाणी ठिव म्होरं. न्हाई, तू मदी बोलू नगंस. बायकू हाय न्हवं तिथं? मग झालं.

… कुठं गेलं उठून?… कपाटाकडं? काय आणलं?… सदरा? बाचा? जेलातनं आलेला त्यो, अजून ठिवलाय?… आन् त्येचा चौकोन लावायचा म्हणत्यात? आगं बया… आन् घास? घास आत ठिवला? सोता, आपल्या हातानं?… बरं झालं. बरं झालं, बाळा. दोरा दुहेरी घ्या म्हणावं.

न्हाई, दिवाळीचं आता काढू नगंस. त्येंनी काढलं?… "बघू" म्हणालं. बघू म्हंजी बघूच. आज लेकराचं बारसं हाय, त्ये करा. मी हाय हितंच. मला कुठं जायाचं हाय?

ठिव आता, उशीर हुईल चर्चाला… काय?… त्यो तांबडा तुकडा?… टाकू नगंस! पाठीव मला. पाकिटातनं येईल की… किती ऱ्हायलाय?… ईतभर.

असू दे. एकटीला पुरंल.